पडदा काळा पडला, दोष कोणाचा?

कापडाच्या व्यापाऱ्याने व्हिडिओच्या धंद्यावर का लिहावे, असा प्रश्न वाचक बांधवांना पडेल, आणि तो रास्त आहे. आमचे आयुष्य वर्धेत बजाज चौकाजवळच्या दुकानात थान उलगडण्यात गेले. शाळा उर्दू माध्यमाची. संगणक दुकानात आला तो बिले करण्यापुरता. परंतु आमचा भाचा गेली बारा वर्षे लग्नाचे शूटिंग व मिक्सिंग करतो. त्याच्या स्टुडिओत आमचेही थोडे भांडवल आहे. आपल्या समाजातील कितीतरी तरुण आज याच कामावर घर चालवतात. २०२५ च्या मे महिन्यात भाच्यावर जो प्रसंग आला आणि त्यातून आम्ही दोघे जे शिकलो, ते या पानावर मांडले तर दुसऱ्या कोणाचे पैसे व इज्जत वाचेल, एवढाच हेतू आहे.

निकाहच्या वेळी काय झाले

वर्ध्यातच एक लग्न होते. निकाह मर्दानी मंडपात, आणि बाया मंडळी पलीकडच्या हॉलमध्ये. हल्ली बऱ्याच ठिकाणी जनानी बाजूला मोठा टीव्ही लावतात, म्हणजे निकाह त्यांनाही त्याच क्षणी पाहता येतो. भाचा हे काम कितीतरी लग्नांत करत आला आहे. कॅमेऱ्यातून चित्र संगणकात येते, संगणकातल्या कार्डातून बाहेर पडते आणि सुमारे ६० मीटरच्या केबलने हॉलमधल्या टीव्हीपर्यंत पोचते.

त्या दिवशी टीव्हीच्या अगदी समोर नवऱ्या मुलाची नानी व्हीलचेअरवर बसली होती. तिला मंडपापर्यंत नेणे शक्य नव्हते. खुतबा झाला तोवर चित्र अधूनमधून थरथरत होते. काझीसाहेबांनी मुलाला विचारले आणि नेमका त्याच वेळी पडदा काळा पडला. दोन-तीन सेकंदांनी चित्र आले, हिरवे पट्टे दिसले, परत अंधार. भाचा मंडपातून हॉलकडे व हॉलमधून मंडपाकडे धावत राहिला. चित्र स्थिर झाले तेव्हा लोक एकमेकांना मुबारकबाद देत होते. नानीने एवढेच विचारले, “हो गया क्या?”

कॅमेऱ्यात सारे नीट रेकॉर्ड झाले होते. पण ज्याने थेट दाखवण्याचे पैसे घेतले, त्याचा वायदा थेट दाखवण्याचा होता. भाच्याने टीव्हीचे पैसे परत केले आणि मान खाली घालून घरी आला.

दुसऱ्या दिवशी बाहेरगावच्या एका मेकॅनिकने मशीन पाहिली आणि सांगितले, कार्ड गेले, नवे घ्या. नवे कार्ड चाळीस हजारांच्या वर. संध्याकाळी भाचा दुकानात आला.

“मामू, कार्ड गेलं. सीझन सुरू आहे. तुम्ही पैसे दिले तर उद्याच घेऊन येतो.”

आम्ही म्हटले, “बेटा, पैशाचे पाहू. आधी सांग, मागच्या लग्नात हेच कार्ड चालत होते ना? मग मधल्या दिवसांत बदलले काय?”

“काहीच नाही.”

कापडाच्या धंद्यात ‘काहीच बदलले नाही’ असे रंगारी नेहमी म्हणतो, आणि तरी दुसऱ्या लॉटची शेड वेगळी निघते. कारण पाणी बदललेले असते किंवा रंगाचा डबा. आम्ही त्याला म्हटले, मशीन इकडे आण, आज हिशेब लावू.

ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या

हिशेब लावण्याआधी ड्रायव्हर हा शब्द समजून घेतला पाहिजे, कारण सारा घोळ त्याच्यापाशी होता. संगणकातले विंडोज एक भाषा बोलते आणि आत बसवलेले कार्ड दुसरी. दोघांच्या मध्ये जो कार्यक्रम दुभाष्याचे काम करतो त्याला ड्रायव्हर म्हणतात. अपडेट म्हणजे जुना दुभाष्या गेला आणि नवा आला. नवा बहुधा अधिक शिकलेला असतो, पण जुन्याला तुमच्या सवयी माहीत होत्या, त्या नव्याला माहीत नसतात.

मिक्सिंगच्या मशीनमध्ये असे दोन दुभाषे असतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. एक ग्राफिक्स कार्डाचा, जो संगणकाचा रोजचा पडदा चालवतो. दुसरा व्हिडिओ कार्डाचा, जे कॅमेरा, टीव्ही व मॉनिटरकडे शुद्ध सिग्नल पाठवते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीची डेकलिंक कार्डे अशा प्रकारची आहेत. ही कंपनी २००१ मध्ये सुरू झाली आणि मिक्सिंगवाल्यांना माहीत असलेले दा विंची रिझॉल्व्ह २००९ पासून तिच्याच मालकीचे आहे. अशा व्हिडिओ कार्डाच्या पोटातही एक छोटा कार्यक्रम असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. ड्रायव्हर नवा टाकला की पुष्कळदा फर्मवेअरही नवे करावे लागते आणि मग मशीन रीस्टार्ट करावी लागते. एक केले व दुसरे राहिले, तर कार्ड अर्धवट चालते किंवा सापडतच नाही.

१९९० च्या दशकात दोन व्हीसीआर आणि मध्ये पॅनासॉनिकचा मिक्सर एवढ्यावर हे काम होई. त्या मिक्सरला ड्रायव्हर नव्हता. बटण दाबले की तो काल जे करी तेच आज करी. आज त्याच्या शंभरपट काम एका संगणकात होते. परंतु त्या संगणकाचा स्वभाव रातोरात बदलू शकतो.

पहिल्या संध्याकाळचा तपास

विंडोजच्या सेटिंगमध्ये ‘अपडेट हिस्ट्री’ असे पान असते. तेथे कोणत्या तारखेला काय बदलले याची नोंद राहते, ड्रायव्हरचा रकाना वेगळा असतो. भाच्याने ते उघडले. लग्नाच्या आदल्या रात्री ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर आपोआप बदललेला होता. मग त्याला आठवले की त्याच रात्री व्हिडिओ कार्डाच्या कार्यक्रमाने नवी आवृत्ती आल्याचे सांगितले होते आणि झोपेच्या भरात त्याने ‘हो’ दाबले होते. म्हणजे काहीच बदलले नव्हते असे नव्हे. एका रात्रीत दोन्ही दुभाषे बदलले होते.

आता दुकानातला टीव्ही आम्ही दोन मीटरच्या छोट्या केबलने जोडला. अर्धा तास चित्र पाहिले. एकदाही हलले नाही. मेलेले कार्ड अर्धा तास स्वच्छ चित्र देत नाही. चाळीस हजारांचा प्रश्न तेथेच निम्मा सुटला.

मग ६० मीटरचे तेच जुने बंडल जोडले. चित्र उडू लागले. भाचा म्हणाला, केबल खराब झाली. पण हीच केबल एप्रिलमध्ये चार लग्नांत चालली होती. केबल तीच, कार्ड तेच, तर मग केबलमधून जाणारा माल तरी बदललेला असला पाहिजे. कार्डाच्या सेटिंगचे पान उघडले आणि उत्तर समोर आले. भाचा कित्येक वर्षे १०८० आय ५० या पद्धतीने सिग्नल पाठवत होता. अपडेटनंतर तेथे १०८० पी ५० दिसत होते.

या एका अक्षरात काय आहे? ‘आय’ पद्धतीत एका सेकंदाला ५० अर्धी चित्रे जातात, ‘पी’ पद्धतीत ५० पूर्ण चित्रे. एसडीआय केबलवर पहिल्याचा वेग सेकंदाला सुमारे १.४८५ गिगाबिट असतो आणि दुसऱ्याचा २.९७ गिगाबिट, म्हणजे बरोबर दुप्पट. आमची केबल हलक्या जातीची. ६० मीटरवर ती पहिला भार कशीबशी उचलत होती. दुप्पट भार आला आणि तिने दम टाकला. भाच्याने सेटिंग परत १०८० आय ५० वर नेले, आणि त्याच बंडलावर चित्र स्थिर झाले. खर्च काही नाही.

मेकॅनिकची नियत खराब होती असे आम्ही म्हणणार नाही. त्याने लांब केबलवर चित्र उडताना पाहिले आणि निदान केले. छोटी केबल लावून पाहिली नाही, एवढीच त्याची चूक. परंतु त्या एका चुकीची किंमत भाच्याने चाळीस हजार मोजली असती, आणि नवे कार्ड लावूनही पुढच्या लग्नात पडदा काळाच पडला असता.

दोष शोधण्याचा क्रम

यानंतर आम्ही दोघांनी एक क्रम कागदावर लिहिला. तो स्टुडिओच्या भिंतीवर लावला आहे.

पहिली गोष्ट, हात आवरा. चित्र उडाले की माणूस घाबरून दहा बटणे दाबतो आणि मग मूळ दोष कोणता व आपण घातलेला कोणता हे कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, पाहावे, लिहावे, मग दुसरी.

दुसरी गोष्ट, दोष फाईलमध्ये आहे की फक्त पडद्यावर, हे ठरवा. एक मिनिटाचा तुकडा एक्सपोर्ट करून मोबाईलवर आणि दुसऱ्या संगणकावर पाहा. तेथे चित्र स्वच्छ असेल तर तुमचे काम सुरक्षित आहे, बिघाड बाहेर पडण्याच्या वाटेवर आहे. सगळीकडे तेच पट्टे दिसत असतील तर दोष आधीचा आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असते. अशा दिव्यांखाली कॅमेऱ्याचे शटर एक साठांशवर ठेवले तर काही दिव्यांचे पट्टे चित्रातच उतरतात. एक पन्नासांशवर ठेवावे. त्याचा ड्रायव्हरशी संबंध नाही.

तिसरी गोष्ट, अपडेटच्या तारखा आणि बिघाडाची तारीख शेजारी मांडा. दोन्ही जवळजवळ असतील तर संशयाला जागा आहे.

चौथी गोष्ट, छोटी व चांगली केबल आणि दुसरा टीव्ही लावून पाहा. एचडीएमआयच्या बाबतीतही हाच खेळ होतो. नवा ड्रायव्हर फोरके टीव्ही पाहिला की कधी कधी आपण होऊन ६० हर्ट्झचे फोरके चालू करतो. फोरके ३० ला एचडीएमआयची सुमारे १० गिगाबिटची जुनी वाट पुरते. फोरके ६० ला १८ गिगाबिटची वाट लागते. बाजारातल्या स्वस्त लांब केबलला हे झेपत नाही. चित्र दोन सेकंद जाते व येते, आणि मालकाला वाटते कार्ड जळाले.

पाचवी गोष्ट, आकडे जुळवा. प्रोजेक्ट किती फ्रेमचा, कार्ड किती पाठवते आणि टीव्ही किती दाखवतो, हे तिन्ही आकडे एकमेकांशी जुळणारे हवेत. याबद्दल पुढे वेगळे लिहिले आहे.

सहावी गोष्ट, मशीन ‘रीस्टार्ट’ करा. शट डाउन करून परत चालू करणे म्हणजे तेच, असा समज आहे. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय आली. ती चालू असेल तर शट डाउन केल्यावरही विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. रीस्टार्टमध्येच सारे ताजे होते. नवा ड्रायव्हर टाकल्यावर रीस्टार्टच करावे.

सातवी गोष्ट, मागे फिरा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या कार्डाच्या नावावर गेल्यास ‘रोल बॅक ड्रायव्हर’ हे बटण मिळते. ते दाबता येत असेल तर जुना ड्रायव्हर परत येतो. ते फिके दिसत असेल तर जुना मशीनमध्ये उरलेला नाही. मग नवा काढून जुन्याची फाईल हाताने बसवावी लागते. म्हणून ज्या ड्रायव्हरवर मशीन नीट चालते, त्याची फाईल पेनड्राइव्हवर जपून ठेवावी. आम्ही दुकानात प्रत्येक लॉटचा वीतभर तुकडा चिकटवून ठेवतो, तसेच हे समजा.

या सातही पायऱ्या संपल्यावर, आणि छोट्या केबलवर जुन्या ड्रायव्हरनेही चित्र उडत असेल तरच, कार्डावर संशय घ्यावा. तेव्हाही कार्ड काढून, सोनेरी कडा कोरड्या कापडाने पुसून, स्लॉटमध्ये नीट बसवून एकदा पाहावे. वर्ध्याची धूळ आणि कापसाचे बारीक तंतू कोठेही शिरतात.

पंचवीस, तीस आणि साठ

दुसऱ्या संध्याकाळी दुसरा दोष सापडला. स्टुडिओतल्या मॉनिटरवर मिक्सिंग करताना चित्र झटके देत होते. वरात पुढे सरकताना दर क्षणाला अडखळत होती. येथे काळा पडदा नव्हता आणि फाईल स्वच्छ होती.

आपल्या देशात टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला २५ चित्रांचा. भाचा आजही लग्ने २५ वरच शूट करतो. ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलताच मॉनिटर ५० हर्ट्झवरून ६० वर गेला होता. ५० वर प्रत्येक चित्र बरोबर दोनदा दिसते. ६० ला २५ ने नीट भाग जात नाही. म्हणून काही चित्रे दोनदा तर काही तीनदा दिसतात. डोळ्याला हाच झटका जाणवतो. मॉनिटर परत ५० वर नेला आणि वरात सुरळीत चालू लागली.

यात आणखी एक गुंता मोबाईलचा. पाहुणे मंडळी आपल्या मोबाईलवर घेतलेले तुकडे आणून देतात आणि ते बहुधा ३० चे असतात. मोबाईलच्या रेकॉर्डिंगमध्ये फ्रेमचा वेगही कमी-जास्त होत राहतो. असे तुकडे २५ च्या प्रोजेक्टमध्ये थेट टाकले तर चित्र अडखळते व कधी आवाज पुढे-मागे होतो. ते आधी २५ च्या स्थिर वेगात बदलून घ्यावेत. रिझॉल्व्हमध्ये टाइमलाइनवर काम सुरू झाल्यावर तिचा फ्रेमचा आकडा बदलता येत नाही, म्हणून पहिल्याच मिनिटाला तो तपासावा.

ग्राफिक्स कार्डाविषयी एक सूचना. एनव्हिडिया कंपनी २०१९ पासून दोन प्रकारचे ड्रायव्हर देते. एक खेळांसाठी, जो नवा खेळ आला की बदलतो. दुसरा ‘स्टुडिओ’ नावाचा, जो मिक्सिंगसारख्या कामांवर तपासलेला असतो. मिक्सिंगच्या मशीनवर दुसराच घ्यावा.

ऊन आणि वीज

प्रत्येक दोष ड्रायव्हरच्या माथी मारू नये. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि लग्ने त्याच दिवसांत. पत्र्याच्या खोलीत बंद डब्यात चालणारे कार्ड तापते आणि चित्र सोडते. ओळखायची खूण सोपी आहे. सकाळी मशीन थंड असताना पहिल्या मिनिटापासून चित्र उडत असेल तर ड्रायव्हर, सेटिंग किंवा केबल पाहा. तासाभराने उडू लागत असेल आणि पंखा लावताच सुधारत असेल तर उष्णता पाहा. मंडपातला हॅलोजन किंवा कूलर सुरू होताच उडत असेल तर वीज आणि अर्थिंग पाहा. संगणक एका फेजवर आणि टीव्ही दुसऱ्या टोकाच्या बोर्डवर असेल तर अर्थिंगमधल्या फरकानेही चित्रात पट्टे येतात.

अपडेट करावे की नाही

हे वाचून कोणी म्हणेल, मग अपडेट कधी करूच नये. तसे आमचे म्हणणे नाही. अपडेटमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला आणि विंडोज ११ ला जुन्या बऱ्याच मशीन चालत नाहीत. म्हणून अनेक स्टुडिओंना नवी मशीन घेणे भाग पडले. अशा वेळी संगणक घेण्याआधी आपल्या व्हिडिओ कार्डाचा ड्रायव्हर विंडोज ११ साठी कंपनीने दिला आहे काय, हे तपासावे. नाही तर नवा संगणक आणि जुने कार्ड यांची बोलचालच होणार नाही. जुन्या मिनी डीव्ही कॅसेटी उतरवणाऱ्यांना याचा अनुभव आहे. फायरवायरचा ड्रायव्हर विंडोजमध्ये बदलत गेला आणि चांगल्या चालत्या मशीन कॅमेऱ्याला ओळखेनाशा झाल्या. अशा कामाचा एक जुना संगणक इंटरनेट काढून तसाच ठेवावा.

प्रश्न अपडेट करण्याचा नाही, वेळेचा आहे. मोठमोठ्यांनाही हा धडा मिळाला आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीच्या सुरक्षा कार्यक्रमाची एक सदोष फाईल जगभर एकदम गेली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. आपल्या देशातील विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. जिथे हजारो इंजिनिअर आहेत तिथे हे झाले. तर लग्नाच्या आदल्या रात्री एकट्या मिक्सिंगवाल्याने ‘हो’ दाबणे किती धोक्याचे आहे, याचा विचार करावा.

आमच्या भाच्याने आता नियम केला आहे. हाती काम असताना कोणतेही अपडेट नाही. विंडोजमध्ये अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवून ठेवता येतात. सीझनमध्ये तो ते थांबवतो. मोहरमच्या दिवसांत आपल्याकडे लग्ने कमी असतात, चातुर्मासात हिंदू बांधवांकडे नसतात. त्या मोकळ्या दिवसांत तो सारे अपडेट करतो. आधी संपूर्ण डिस्कची नक्कल घेतो. मग एक ड्रायव्हर, रीस्टार्ट, पूर्ण ६० मीटर केबलवर दोन तासांची चाचणी. नंतर दुसरा. बँकेचे व बिलाचे काम त्याने वेगळ्या संगणकावर नेले आहे, म्हणजे मिक्सिंगच्या मशीनला इंटरनेटची रोज गरजच पडत नाही.

त्याने एक वहीही केली आहे. तारीख, विंडोजची आवृत्ती, दोन्ही ड्रायव्हरच्या आवृत्त्या, फर्मवेअर, कार्डाचे सेटिंग, केबलची लांबी, आणि चाचणीत काय दिसले. दोनशे पानांची साधी वही आहे. ती असती तर त्या लग्नाच्या दिवशी तो मंडप आणि हॉल यांमध्ये धावला नसता. दोन मिनिटांत त्याला दिसले असते की ‘आय’ चे ‘पी’ झाले आहे.

कार्ड खरेच निकामी निघाले तर पक्के बिल कामी येते. मी धंद्यासाठी घेतले, म्हणून ग्राहक मंच माझे ऐकणार नाही, असा बऱ्याच कारागिरांचा समज असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात केवळ स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी वस्तू घेणाऱ्याला ग्राहकच मानले आहे आणि तो आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करू शकतो. पण बिल हवे, आणि दोष वस्तूतच आहे हे दाखवता आले पाहिजे. वरचा क्रम व ती वही तेथेही उपयोगी पडते.

वर्धेची एक जुनी अट

वर्ध्यात मगन संग्रहालय आहे. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी त्याचे उद्घाटन केले. तेथे मांडलेले चरखे आम्ही लहानपणापासून पाहत आलो. १९२९ मध्ये अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी कोणाही कारागिराने समजून घ्याव्यात अशा आहेत. चरखा दीडशे रुपयांच्या आत तयार झाला पाहिजे, वेळोवेळी दुरुस्ती केली तर वीस वर्षे चालला पाहिजे, आणि दुरुस्तीचा वर्षाचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांवर जाता कामा नये. म्हणजे अवजार विकत घेतानाच ते टिकेल किती आणि सुधारायला काय लागेल, हा प्रश्न विचारला होता.

आज आपण ज्या मशीनवर पोट भरतो त्यांचा ड्रायव्हर मेलबर्न किंवा कॅलिफोर्नियात लिहिला जातो. तो लिहिणे आपल्या हातात नाही. परंतु तो आपल्या मशीनमध्ये कधी शिरेल, जुना कोठे जपून राहील आणि दोष शोधताना हात आधी कशाला लागेल, हे पूर्णपणे आपल्या हातात आहे. नवे कार्ड घेण्याआधी छोटी केबल लावून पाहायला पैसे लागत नाहीत.

भाच्याने निकाहचा तेवढा भाग सर्वांत आधी तयार केला आणि टीव्हीसह नानीच्या घरी नेऊन दाखवला. तिने दोनदा पाहिला, दुआ दिली. घरी आल्यावर भाचा आम्हाला म्हणाला, “मामू, ती खूश झाली, पण तिला त्याच वेळी पाहायचं होतं.” आम्ही काही बोललो नाही. त्याच आठवड्यात त्याने चांगल्या जातीची नवी केबल आणली. तिच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधलेली आहे: ६० मीटर, १०८० आय ५०, तपासली.